सहाने भागणारे सर

जालना जिल्ह्यातल्या आमच्या केदारखेड्याला पूर्णा नदी आहे, पण उन्हाळ्यात मोसंबी जगते ती साठवून ठेवलेल्या पाण्यावर. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि आमच्या भागात जेसीबी दिसू लागले. आमच्या रानातही तळं आखलं गेलं. तोंडाशी तीस बाय तीस मीटर, खोली तीन. दादांचा हिशेब तोंडपाठ होता: तीस तिरी नव्वद, नव्वदाचे नऊशे, नऊशे तिरी सत्तावीसशे घनमीटर. म्हणजे सत्तावीस लाख लिटर! त्या भरवशावर त्यांनी आणखी मोसंबी लावायचं मनात धरलं होतं.

मी तेव्हा बारावीत होतो. गणिताचे सर जालन्याकडून एसटीनं यायचे. इंटिग्रेशनची सूत्रं मला पाठ होती, उत्तरंही यायची. त्या लांबट एसच्या खुणेत काय चाललंय, याच्याशी मात्र माझं देणंघेणं नव्हतं. सरांना ते कळत असावं. तळ्याचं काम चालू आहे म्हटल्यावर ते एका रविवारी रानात आले. चहाआधी खड्ड्यात उतरले.

“भाऊ, तळाशी किती आहे?” त्यांनी दादांना विचारलं.

“एकवीस बाय एकवीस. दीडास एकचा उतार आहे ना, नाहीतर कडा ढासळतात.”

“मग सत्तावीसशे मावतील कसे?”

दादा गप्प झाले. सरांनी मला तळाशी उभं केलं. “पाणी गुडघ्याएवढं चढलं तर त्याची बाजू किती? कमरेएवढं चढलं तर?” एक मीटर वर गेलं की बाजू तीन मीटरनं वाढते, म्हणजे ‘ह’ उंचीला ती एकवीस अधिक तीन ह. तिचा वर्ग म्हणजे त्या थराचं क्षेत्रफळ. भाकरींची चळत रचावी तसे हे थर, फक्त प्रत्येक भाकरी खालचीपेक्षा जराशी मोठी. थर पातळ करत जा आणि शून्यापासून तीनपर्यंत सगळे मिळव. वहीत मी शेकड्यानं केलेलं गणित तेच होतं. उत्तर आलं १९७१ घनमीटर. म्हणजे दादांच्या हिशेबातलं ७२९ घनमीटर पाणी नव्हतंच. दहा हजार लिटरचे जवळपास ७३ टँकर. टँकर काय असतो, हे जालन्यातल्या माणसाला सांगायला नको.

दादांचा प्रश्न रास्त होता. “सर, मला हे येस-बीस जमायचं नाही. सोपं सांगा.”

सरांनी काडीनं मातीत लिहिलं: तोंडाचं क्षेत्रफळ ९००, तळाचं ४४१, दोन्ही बाजूंची बेरीज ५१ आणि तिचा वर्ग २६०१. तिन्ही मिळवा, सहाने भागा, खोलीनं गुणा. पुन्हा १९७१. सहाच का, हेही त्यांनी सोडलं नाही. बेरजेचा तो वर्ग म्हणजे मधल्या थराची चौपट. तोंड एकदा, तळ एकदा, मधला चारदा, असे सहा वाटे. उतार सरळ असला की हे नेमकं इंटिग्रेशनएवढंच येतं. नुसती तोंड-तळाची सरासरी धरली तर २०११ च्या पुढे जातं. जाता जाता तळ्यात अंथरायच्या प्लास्टिक कागदाचाही हिशेब झाला: तळ आणि चार उतार मिळून सुमारे ९९३ चौरस मीटर, काठावर दाबायचा वेगळा.

पुढे इंजिनिअर झाल्यावर भास्कराचार्यांची ‘लीलावती’ वाचायला घेतली आणि खड्ड्यांच्या मोजमापाच्या प्रकरणात, खातव्यवहारात, तोच नियम भेटला. तोंड बारा बाय दहा हात, तळ त्याच्या निम्मा, खोली सात. उत्तर ४९० घनहस्त. ११५० सालचा ग्रंथ! भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं मठ काढला, त्याचा शिलालेख अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे चाळीसगावजवळच्या पाटण्याला सापडला. नियम इतका जुना आणि इतका जवळचा, तरी आमच्या बांधापर्यंत तो सरांच्या काडीनंच आला. त्यांनी शिकवणीचा एक रुपया घेतला नाही. दादांनी दिलेली मोसंबी तेवढी पिशवीत भरून नेली.

दादांनी त्या वर्षी वाढीव झाडं लावली नाहीत, म्हणून होती ती जगली. मी आज पाझर तलावांची मोजमापं करतो ती याच शिदोरीवर.

तुमच्या तळ्याचा उतार वेगळा असेल तर आमचं १९७१ घेऊ नका. तोंड मोजा, तळ मोजा, मग सहाने भागा. आणि कागदाची मागणी त्यानंतरच नोंदवा.