फुलपात्रातलं दूध



यंदा माझी वारी चुकली. ११ वर्षं ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत हजर असायची, बाराव्या वर्षी घरी राहिले. दिंडीतल्या बायका विचारतात, ‘तब्येत बरी नव्हती का?’ तब्येत ठणठणीत होती. १३ महिन्यांच्या नातवाची दुधाची बाटली सोडवायची होती, म्हणून राहिले. ऐकणाऱ्याला हसू येतं. पण त्यामागे माझी एक चूक आहे, आणि ती तुमच्यापुढे सांगितल्याशिवाय मन हलकं व्हायचं नाही.

नातू आठव्या महिन्यातच जन्मला. सूनबाई बाळंतपणात आजारी पडली, अंगावरचं दूध पुरेना. डॉक्टरांच्या सांगण्यावरून डब्याचं दूध सुरू झालं. मी जुन्या वळणाची. आमच्याकडे आईला दूध कमी पडलं की बोंडल्यानं गाईचं दूध पाजत. डबा दिसला की माझ्या तोंडून निघून जाई, ‘आमची पोरं काय पावडरीवर वाढली?’ त्या डब्यावरच कायद्याप्रमाणे छापलेलं असतं की आईचं दूध बाळाला सर्वांत उत्तम. ते वाक्य सूनबाई दिवसातून आठ वेळा वाचत होती. माझ्याकडून पुन्हा ऐकायची तिला गरज नव्हती. एका संध्याकाळी बाटल्या उकळताना ती डोळे पुसत होती. मी तेव्हा हरिपाठ म्हणत बसले होते. तिचं मुसमुसणं मला ऐकू येत होतं. मी उठले नाही.

सहा महिन्यांनी ती कामावर जाऊ लागली आणि बाळ दिवसभर माझ्याकडे आलं. वर्ष होईपर्यंत गाई-म्हशीचं दूध पाजायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला ते पटलं नव्हतं. नववा महिना लागला तशा दुपारच्या दोन बाटल्या मी गाईच्या दुधाच्या केल्या. कुणाला सांगितलं नाही. भात भरवला की तो थुंकायचा, मग मी बाटली पुढे करायची. झोपताना बाटली, रात्री उठला की बाटली. पोर गुबगुबीत दिसत होतं. माझा हातगुण, असं मी शेजारणीला सांगतही होते.

वर्षाची लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि रक्त तपासायला सांगितलं. रक्त कमी निघालं. त्यांनी शांतपणे समजावलं. गाईच्या दुधात लोह फार थोडं असतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्याला ते दूध झेपत नाही, कधीकधी आतल्या आत नकळत थोडं रक्त जातं. दुधानंच पोट भरलं की जेवणाला जागा राहत नाही. शिवाय वेळेआधी जन्मलेल्या बाळाजवळ आईच्या पोटातून आणलेली लोहाची शिदोरीही तोकडी असते. मग त्यांनी सूनबाईला विचारलं, ‘गाईचं दूध कधीपासून देताय?’ ती गोंधळून माझ्याकडे बघू लागली.

मी म्हणाले, ‘डॉक्टर, तिला ठाऊक नाही. चूक माझी आहे.’

रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, ‘आई, मला सांगायचं तरी.’ ती रागावली असती तर मला उत्तर सुचलं असतं. या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलेलं तुमच्याही घरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. लोहाचे थेंब रोज, ते किती द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचं. वर्ष झालं, आता डब्याचं दूध बंद करून साधं दूध चालेल, पण दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको. चव अनोळखी वाटली तर तयार केलेल्या डब्याच्या दुधात थोडं गाईचं दूध मिसळायचं आणि आठ-दहा दिवसांत ते वाढवत न्यायचं; पावडर मात्र पाण्यातच कालवायची, दुधात नाही. आधी जेवण, मग दूध. मऊ भात, वरण, नाचणी, पालेभाजी, वर लिंबू पिळायचं म्हणजे लोह अंगी लागतं. आणि बाटली सोडवायची. बाटली तोंडात धरून झोपलं की दूध दातांवर राहतं आणि दुधाचे दात किडतात. आधी दुपारची बाटली काढायची, मग सकाळची, रात्रीची सगळ्यांत शेवटी.

दुपारची चार दिवसांत सुटली. माझ्या पूजेतलं छोटं स्टीलचं फुलपात्र त्याला आवडलं. दोन घोट पोटात, चार अंगावर, उरलेलं फरशीवर. सकाळचीही सुटली. रात्रीची उरली, तोवर प्रस्थान आठवड्यावर आलं.

सूनबाई म्हणाली, ‘आई, तुम्ही जा. मी बघते.’ दिवसभर काम करून आलेली पोर रात्र रात्र कशी जागणार? मी पिशवी भरायला घेतली. पडशी, टाळ, तुळशीची कुंडी काढून ठेवली. हात चालत होते, पण मनात एकच घोळत होतं: यंदा गेले की १२ होतील. एक तप होईल. तेव्हा माझं मला कळलं, की मला पंढरीपेक्षा त्या आकड्याची ओढ लागली आहे. मी विणेकरी बुवांना फोन केला. ‘माउली, यंदा माझं नाव धरू नका,’ म्हटलं आणि कारण सांगितलं. ते म्हणाले, ‘लेकराला सांभाळा. पांडुरंग कुठं पळून जात नाही. युगं झाली, उभाच आहे.’

पहिल्या रात्री तो तासभर रडला. दुसऱ्या रात्री त्याहून जास्त. मांडीवर घेऊन फुलपात्र ओठाला लावलं की हातानं उडवायचा. तिसऱ्या रात्री दोन वाजता माझा हात कपाटातल्या बाटलीकडे गेला. सूनबाई दारात उभी होती. ती काही बोलली नाही, येऊन शेजारी बसली. दोघी आळीपाळीनं थोपटत राहिलो, मी हळू आवाजात विठ्ठल विठ्ठल म्हणत होते. थोड्या वेळानं तीही म्हणू लागली.

नामदेवरायांची कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो. देवापुढं दुधाची वाटी ठेवली आणि देव पीत नाही म्हणून लेकरू हटून बसलं. मला त्यात नेहमी हट्टच दिसायचा. त्या रात्री दुसरं दिसलं. नामदेव वाटी ठेवून निघून गेले नाहीत. पिणारा पिईपर्यंत तिथं बसून राहिले. सेवा म्हणजे हे बसून राहणं. मी मात्र आजवर सोपं तेवढंच केलं होतं. बाळ रडलं की बाटली, सून रडली की हरिपाठ. दोन्ही वेळा मला शांतता हवी होती.

पाचव्या रात्री तो उठला, फुलपात्रातून चार घोट पाणी प्यायला आणि झोपला.

पालखी हडपसरहून दिवे घाटाकडे निघाली, त्या दिवशी आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. सूनबाईनं सुट्टी घेतली होती. वारकऱ्यांना पाणी द्यायला हंडा भरून आणला होता. आमची दिंडी आली, बायकांनी गळामिठी घातली. तोवर नातवानं माझ्या हातातलं फुलपात्र ओढून घेतलं, दोन्ही हातांनी धरून प्यायला, आणि उरलेलं एका म्हातारबाबांपुढं धरलं. बाबांनी ‘माउली’ म्हणून त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि ते उष्टं पाणी घटाघटा प्यायले. मी सूनबाईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. या खेपेला मी तिच्याजवळ गेले.

श्रावणात पुन्हा रक्त तपासलं. वाढलं आहे, थेंब अजून काही महिने द्यायचे आहेत. पुढच्या वर्षी पांडुरंगानं बोलावलं तर जाईन. ती कितवी वारी, हे मोजणार नाही.

रामकृष्णहरी.