सात शिलिंगांचे न्यायमूर्ती

मजुरी ठरवताना न्यायालयाला कामगाराच्या स्वयंपाकघरापर्यंत नेणारे न्यायमूर्ती म्हणून हेन्री बोर्न्स हिगिन्स यांचे स्मरण कृतज्ञतेने करावेसे वाटते. 1851 साली आयर्लंडमध्ये एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी ते जन्मले आणि 1870 मध्ये मेलबर्नला आले. बोलताना ते अडखळत, तरीही त्यांनी वकिलीच पत्करली. ऑस्ट्रेलियाची राज्यघटना घडत असताना, राज्यांच्या सीमा ओलांडणारे औद्योगिक तंटे लवादाने मिटवण्याचा अधिकार संघराज्याला मिळावा म्हणून ते झटले. त्याच अधिकारातून उभ्या राहिलेल्या लवाद न्यायालयाचे ते 1907 मध्ये अध्यक्ष झाले.

त्या वर्षी ह्यू मॅके यांच्या सनशाइन येथील कापणीयंत्रांच्या कारखान्याचा अर्ज त्यांच्यापुढे आला. रास्त मजुरी देणाऱ्या कारखानदाराला उत्पादनशुल्क माफ होते. पण रास्त म्हणजे किती, हे कायद्यात नव्हते. हिगिन्स यांनी ते घरखर्चात शोधले. कामगारांच्या पत्नींनी साक्षी दिल्या. सुमारे पाच माणसांच्या घराला भाडे, किराणा, पाव, मांस, दूध, सरपण, भाजीपाला यांसाठी आठवड्याला सरासरी 32 शिलिंग 5 पेन्स लागत. कपडे, बूट, दिवाबत्ती, आजारपण, मुलांची शाळा, वर्तमानपत्र, ट्रामचे भाडे हे सारे त्याखेरीज. अकुशल कामगाराला दिवसाला 6 शिलिंग मिळत. 8 नोव्हेंबरला हिगिन्स यांनी 7 ठरवले. निवाड्यातल्या खर्चांच्या यादीत शिवणयंत्रही आहे. त्या गृहिणींचे बोलणे त्यांनी किती मन लावून ऐकले असेल!

1908 मध्ये उच्च न्यायालयाने उत्पादनशुल्काचा तो कायदा रद्द केला. हिगिन्स उच्च न्यायालयाचेही न्यायमूर्ती होते; त्या पीठावर बसलेल्या त्यांचे मत वेगळे होते. सात शिलिंगांचे माप मात्र त्यांनी पुढच्या निवाड्यांत जपले आणि तेच मूळ वेतनाचा पाया ठरले. ते कुटुंब पोसणारा पुरुष धरून आखलेले होते. 1912 मध्ये फळे तोडणाऱ्या स्त्रियांना त्यांनी पुरुषांइतकी मजुरी दिली. फळे भरणाऱ्या स्त्रियांना मात्र कमी.

1916 मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा मर्विन इजिप्तमध्ये युद्धात पडला. त्यानंतरही ते तंटे ऐकत राहिले. सरकारने तंट्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे नेमण्याचा कायदा केला, तेव्हा लवाद न्यायालयाचे स्वातंत्र्य जपण्यासाठी त्यांनी अध्यक्षपद सोडले. उच्च न्यायालयाचे काम 13 जानेवारी 1929 रोजी ड्रोमाना येथे निधन होईपर्यंत केले. मूळ वेतनाची पद्धत ऑस्ट्रेलियात 1967 पर्यंत चालली.