दोन थरांमधला समुद्र

चाकणला नव्या कारखान्याच्या पायासाठी पोकलेन लागला, की वरची माती पटकन संपते. मग मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मोशीच्या खाणींतूनही तोच निघतो, खडी होतो आणि आपल्या रस्त्यांखाली, घरांच्या भिंतींत जाऊन बसतो. मला या दगडाची ओढ आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हारस होता. त्याच्या थरांनी आजही जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापला आहे. समुद्री जिवांची कवचं आपल्याकडच्या या पाषाणात मिळायची नाहीत. त्यासाठी त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला, राजमहेंद्रीला जावं लागतं.

त्या काळच्या नदीखोऱ्यांतून सह्याद्रीकडचा लाव्हारस हजारएक किलोमीटर वाहत तिथवर गेला. तिथे लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये किनाऱ्याचा गाळ अडकलेला आहे. 2008 साली गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गाळातल्या फोरॅमिनिफेरांवरून काळ ठरवला. हे एकपेशीय जीव, चुन्याचं कवच बांधणारे, बहुतेक वाळूच्या कणाएवढे. डायनोसॉर संपल्यावर लगेचच्या काळातले ते निघाले. एवढ्याशा कवचांनी डोंगराएवढ्या लाव्हाचं वय सांगितलं!

तो काळ समुद्राला फार कठीण गेला. मेक्सिकोत उल्का आदळली, आकाश काळवंडलं, वरच्या पाण्यातलं अन्न आटलं, पाणी आम्लधर्मी झालं. या नाशात दख्खनच्या ज्वालामुखींचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. तरंगत्या फोरॅमिनिफेरांच्या 90 टक्क्यांहून अधिक जाती नाहीशा झाल्या. मोठ्या, नक्षीदार कवचांच्या जाती ठरावीक खोलीच्या, ठरावीक उबेच्या पाण्यावर अवलंबून होत्या, त्या गेल्या. तगला तो ग्वेंबेलिट्रिया. मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासचा, साध्या घडणीचा, जिथे इतरांचं काही चालेना तिथे झपाट्याने वाढणारा.

असे जीव तगले कसे, याचा एक धागा आपल्या अरबी समुद्रात सापडला. किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगणारा एक फोरॅमिनिफेरा आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याच्या तळगाळातला दुसरा, यांची नावं निराळी होती. 2009 साली डीएनए तपासल्यावर दोघांची जात एकच निघाली. म्हणजे काही जीव तळातही राहू शकतात आणि लाटांवरही. महाविनाशात तळातल्या जाती फारशा मेल्या नव्हत्या. वरचा समुद्र उजाड झाल्यावर तळातूनच कुणी वर येऊन तो पुन्हा वसवला असेल, ही कल्पना त्यातून पुढे आली. वाचताना मला आपल्या चाकणच्या कारखानदारी पट्ट्यातली माणसं आठवली. 2020 सालच्या टाळेबंदीत यंत्रं थांबली तेव्हा कित्येकांना गावाकडचं घर आणि शेताचा तुकडा यांनीच सावरलं.

पण या गोष्टीतून निर्धास्त होण्यासारखं काही मला दिसत नाही. ग्वेंबेलिट्रिया तगला, तरी तरंगत्या फोरॅमिनिफेरांची विविधता भरून यायला सुमारे 1 कोटी वर्षं लागली. आज आपण जाळतो त्या इंधनाच्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. औद्योगिक युगात त्याच्या वरच्या पाण्याचा सामू सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला. आकडा लहान दिसतो, पण आम्लता त्याने जवळजवळ 30 टक्क्यांनी वाढली आहे, आणि चुन्याचं कवच बांधणाऱ्याला ती थेट भिडते.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा वाहनं घडवून जगतो. माझ्या शेजारपाजारची चूल त्यावर पेटते, म्हणून हे मी परकेपणाने म्हणत नाही. ज्वालामुखीला थांबणं ठाऊक नव्हतं, उल्केला वळणं. आपल्याला दोन्ही जमतं. कोणतं इंजिन बनवायचं, भट्टी कशावर चालवायची, हे इथे माणसं बसून ठरवतात. जीवसृष्टी तगेल, एवढा हिशेब पुरेसा नाही. तिला पुन्हा 1 कोटी वर्षं खर्चावी लागू नयेत, हे पाहणं आपलं काम आहे.