ओल कुठून येते?

२०२३ च्या जुलैत आमच्या जुन्या गाडीत, पुढच्या डाव्या आसनापाशी, पाणी साचू लागले. ती जागा आमच्या मातोश्रींची. दवाखान्यात जाता-येता त्यांचे सुजलेले पाय ओल्या गालिच्यावर टेकत. "काच उघडी राहिली असणार," असा निवाडा देऊन आम्ही मुलाला बोल लावला. "मी बंद केली होती," एवढेच तो म्हणाला, आणि पुढे आठवडाभर त्याने गाडीच्या किल्लीला हात लावला नाही.

गॅरेजवाल्याने पुढच्या काचेच्या रबराला सीलंट फासून दिले. पाऊस आला, पाणीही आले.

अखेर आम्हीच शोध आरंभिला. मॅट काढल्या, गालिच्याखालचा फोम पिळून कोरडा केला, तळाशी वर्तमानपत्रे अंथरली. पाण्याची जात आधी ओळखावी लागते. रंगीत, गोडसर वासाचे, बोटाला चिकटणारे असले तर ते हीटरमधले कूलंट. कोरड्या दिवशी एसी लावून फिरल्यावर आत ठिबकले, तर एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली. आमचे पाणी निर्मळ होते, आणि गाडी अंगणात उभी असताना रात्रीच्या पावसातच येई. म्हणजे ते बाहेरचे.

मग मुलाला विनवून पाण्याची नळी त्याच्या हाती दिली आणि आम्ही विजेरी घेऊन आत आडवे झालो. पाणी खालून वर मारीत जायचे, एकेका जागी काही मिनिटे. वरून आरंभ केला तर ओघळ सर्वत्र पसरतात व काहीच उमगत नाही. दाराच्या तळाची छिद्रे मोकळी होती. (दारात थोडे पाणी शिरायचेच, ते त्या छिद्रांवाटे जावे अशीच रचना असते, हे आम्हांस या वयात कळले.) दाराचे रबरही शाबूत. नळी वायपरखालच्या जाळीवर आली आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डखालून, पंख्याच्या बाजूने, धार लागली.

जाळी उघडली. आत आंब्याची कुजलेली पाने, मोहोराचा चुरा, चिखल. निचऱ्याचे भोक बुजल्यामुळे तेथे तळे साचे आणि हवा आत घेण्याच्या वाटेने पाणी उतरे. गाडी आंब्याखाली लावण्याचा हट्ट आमचा. उन्हाळ्यात सावली मिळते म्हणून.

मुलाने मूठमूठ पाने काढून आमच्या पुढ्यात ठेवली. बोलला काही नाही.

"काच तू बंद केली होतीस," आम्ही म्हणालो.

त्याने मान हलवली आणि नळी गुंडाळू लागला.

फोम वाळायला पंख्याखाली चार दिवस गेले. मातोश्री मात्र अद्याप पायांखाली प्लास्टिकची पिशवी अंथरल्याशिवाय गाडीत बसत नाहीत.