कुंथलगिरी : दृष्टी आणि दृढता

बालाघाटच्या पठारावर श्रावणसरी बरसू लागल्या की धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्याचा माळ हिरवा होतो. सोलापूर-धुळे महामार्ग सोडून वाहन आडवाटेला लागते, तेव्हा खव्याच्या भट्ट्यांचा धूर आणि आटत्या दुधाचा वास प्रथम सामोरा येतो. कुंथलगिरीचा पेढा महाराष्ट्रभर ठाऊक आहे. परंतु ज्या टेकडीने या पेढ्याला नाव दिले, तिचे माहात्म्य निराळे आहे. उंचीने ती बेताचीच. पायऱ्या चढताना वृद्धांनाही फारसा दम लागत नाही. तरीही प्राकृत निर्वाणकांडात तिचा उल्लेख आहे आणि श्रद्धावंतांसाठी ते सिद्धक्षेत्र आहे.

माथ्यावरील मंदिरात कुलभूषण आणि देशभूषण या मुनिद्वयाच्या चरणपादुका आहेत. आचार्य रविषेणांच्या पद्मपुराणात त्यांची कथा येते. दोघे राजपुत्र, बालपणीच विद्याध्ययनासाठी गुरुगृही गेलेले. अनेक वर्षांनी ते परतले तेव्हा नगरी स्वागतासाठी सजली होती. गवाक्षात उभी असलेली एक कन्या दोघांच्याही नजरेस पडली. दोघांनाही तिचा मोह पडला आणि क्षणात सख्खे भाऊ एकमेकांचे वैरी झाले. इतक्यात बंदीजनांच्या स्तुतिगानातून त्यांना कळले की ती कन्या म्हणजे त्यांचीच धाकटी बहीण, कमलोत्सवा. अजाणतेपणी घडले, असे म्हणून त्यांना स्वतःला क्षमा करता आली असती. त्यांनी तसे केले नाही. ज्या दृष्टीने बहीण आणि भाऊ यांचीही ओळख उरू दिली नाही, तिचाच निग्रह करायचा, असे ठरवून दोघांनी दीक्षा घेतली.

पुढे हे दोघे मुनी पर्वतावर ध्यानस्थ असताना पूर्ववैराने पेटलेल्या देवाने त्यांच्यावर घोर उपसर्ग केला. रात्रीच्या भयंकर आवाजांनी पायथ्याच्या नगरीतील लोक दर सायंकाळी घरेदारे सोडून दूर जात. वनवासात असलेले राम, लक्ष्मण आणि सीता तेथे आले आणि त्यांनी उपसर्गाचे निवारण केले. मुनिद्वयाला केवलज्ञान झाले आणि कालांतराने याच गिरीवरून ते मोक्षास गेले, अशी परंपरेची श्रद्धा आहे. या कथेत सारे नगर पळत होते आणि दोघे जण उभे होते. मात्र त्या रात्रीचे बळ त्या रात्रीच आलेले नव्हते. एका चुकीच्या दृष्टिक्षेपाची ज्यांनी गय केली नाही, त्यांनाच त्या रात्री अचल राहता आले.

याच टेकडीवर १९५५ च्या चातुर्मासात चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज विराजमान होते. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरील भोज गावच्या पाटील घराण्यातील सातगौडा १९२० मध्ये मुनी झाले आणि १९२४ मध्ये समडोळी येथे आचार्यपदी आरूढ झाले. दिगंबर मुनींचा विहार जवळजवळ दुर्मीळ झालेल्या काळात त्यांनी दक्षिणेतून सम्मेदशिखरापर्यंत आणि पुढे उत्तर भारतात पायी विहार केला. तोच विहार आता थांबत आला होता. वय ८३ झाले होते आणि डोळ्यांची ज्योत मंदावत चालली होती.

गृहस्थाला दृष्टी मंदावली तर हाताला धरून नेणारे कोणी मिळते. मुनीचा प्रश्न वेगळा असतो. ईर्यासमिती सांगते की पुढची चार हात जमीन पाहूनच पाऊल टाकावे, म्हणजे पायाखाली जीव चिरडला जाणार नाही. डोळेच साथ देईनासे झाले तर प्रत्येक पाऊल शंकेचे. एवढ्या वृद्ध आचार्यांना थोडी सवलत घेतली म्हणून कोणी दोष दिला नसता. परंतु जे व्रत पस्तीस वर्षे पाळले, ते अखेरीस सैल करून देह टिकवावा, हे त्यांना मान्य नव्हते. १४ ऑगस्टला त्यांनी सल्लेखना स्वीकारली आणि आचार्यपद शिष्य वीरसागर महाराजांकडे सोपवले. देशभरातून लोटलेल्या भाविकांचे डोळे पाणावले होते. आचार्य शांत होते.

सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांचा अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला. तो मराठीत होता. संयम धारण करण्यास भिऊ नये आणि नित्य आत्मचिंतन करावे, असा त्याचा आशय होता. आपल्या कठोर व्रताचे वर्णन त्यांनी केले नाही. ऐकणाऱ्यांच्या मनातील भीती दूर केली. १८ सप्टेंबर, भाद्रपद शुद्ध द्वितीयेला, छत्तिसाव्या दिवशी समाधी झाली.

दृढता आणि हट्ट यांतील अंतर या टेकडीवर स्पष्ट होते. हट्टाला समोर कोणी तरी हरवायला लागतो. येथे हरवायचे कोणीच नव्हते. मुनिद्वयाने उपसर्ग करणाऱ्यावर क्रोध केला नाही. आचार्यांचा निर्धार कोणाविरुद्ध नव्हता. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत स्थितिकरणानंतर लगेच वात्सल्य सांगितले आहे, त्याचा अर्थ येथे उमगतो. डळमळणाऱ्याला सावरायचे ते मायेने, धाकाने नव्हे.

ती महान साधना प्रत्येकाच्या वाट्याला यावी, असे शास्त्रही म्हणत नाही. गृहस्थाची परीक्षा लहान असते. परगावच्या वसतिगृहात मित्रांच्या हसण्याला न रागावता सूर्यास्तापूर्वी जेवणारा मुलगा, तोट्याच्या महिन्यातही खरे माप देणारा दुकानदार, ही त्याच पर्वताची खालची पायरी आहे. तेथे टाळ्या नसतात, पाहणारेही कोणी नसते. म्हणूनच तेथे ढळणे सोपे असते.

पावसाळ्यात कुंथलगिरीच्या ओल्या पायऱ्यांवर मुंग्यांच्या रांगा आणि इवले किडे असतात. दर्शन घेऊन उतरणारी एखादी आजी नातवाचे बोट धरते आणि सांगते, “खाली बघून चाल, बाळा.” पायथ्याच्या पेढ्याकडे लागलेले त्याचे डोळे क्षणभर पायरीवर येतात. तो थबकतो, मुंग्यांची रांग ओलांडतो आणि मगच पुढचे पाऊल टाकतो.