नकाशावरची रेषा आणि एवे लोक

गेल्या पावसाळ्यात भूगोलाचे शिक्षक रजेवर गेले, तेव्हा सातवीचा तास आम्हीच घेतला. मुख्याध्यापकाच्या वाट्याला वर्ग थोडे येतात. हजेरीपट, टपाल आणि हिशेब यांतच दिवस सरतो. म्हणून अशी संधी आम्ही सहसा दवडीत नाही. आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर टांगला, गिनीच्या आखातावर छडी ठेवली आणि घाना देश दाखविला. त्याच्या पूर्व कडेस समुद्रापासून उत्तरेकडे चढत गेलेला एक चिंचोळा प्रांत आहे, व्होल्टा. त्याच्या राजधानीचे नाव ‘हो’ आहे, असे सांगताच वर्गात खसखस पिकली.

हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, त्या रेषेच्या पलीकडे कोण राहतात?” आम्ही सांगितले, पलीकडे टोगो देश आहे, पण सीमेच्या दोन्ही अंगांस बहुतांशी एकच लोक राहतात, एवे नावाचे, एवे भाषा बोलणारे. “मग मध्ये रेषा कशाला मारली?” त्या मुलाचे आजोळ चंदगड तालुक्यात आहे, हे आम्हांस ठाऊक होते. बेळगाव जिल्ह्यातील आमच्या शाळेत अशी मुले कितीतरी. “साहेब लोकांनी वाटणी केली,” एवढे उत्तर देऊन आम्ही पुढे गेलो. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते, आणि ती रुखरुख मनात राहिली. तीच आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

व्होल्टा प्रांताची लोकसंख्या २०२१ च्या शिरगणतीत सुमारे १६ लाख ५९ हजार भरली. दक्षिणेस वाळूचा किनारा आणि केटाचे खारे सरोवर, मध्ये शेतीची सपाटी, उत्तरेस टोगोला टेकलेले डोंगर. त्यांतील आफाजा हे घानातील सर्वांत उंच शिखर, ८८५ मीटर. किनाऱ्यावर मासेमारी चालते आणि कांदा पिकतो; आगोटिमे आणि आग्बोझुमे या भागांत अरुंद मागांवर हातभर रुंदीच्याही नव्हेत, अशा चिंचोळ्या पट्ट्या विणून, त्या शेजारी शेजारी शिवून भरजरी दिसणारे केंटे वस्त्र तयार करतात. मुलाचे एक नाव जन्मवारावरून ठेवण्याची चाल आहे: शुक्रवारचा मुलगा कोफी, तर मुलगी आफी. पाहुणा दारात आला की “वोएझो” म्हणून त्याचे स्वागत होते.

आता रेषेची हकिकत. केटाकडील किनारा १८७४ साली इंग्रजांच्या गोल्ड कोस्ट वसाहतीत आला. १८८४ मध्ये जर्मनांनी शेजारी टोगोलँड ही आपली वसाहत स्थापिली. एवे लोकांची ही पहिली फाळणी. १९१४ च्या महायुद्धात इंग्रज आणि फ्रेंच यांनी जर्मन टोगोलँड जिंकले आणि आपसांत वाटून घेतले. ही दुसरी. म्हणजे एकाच भाषेचे लोक आता तीन कारभारांखाली आले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, अखिल एवे परिषद स्थापन झाली आणि आम्हांस एका छत्राखाली आणा, अशी विनंती घेऊन त्यांचे प्रतिनिधी संयुक्त राष्ट्रांच्या दारी गेले. अर्ज झाले, सुनावण्या झाल्या. मागणी मात्र पदरात पडली नाही.

पुढे ९ मे १९५६ रोजी ब्रिटिश टोगोलँडमध्ये सार्वमत घेण्यात आले. स्वतंत्र होऊ घातलेल्या गोल्ड कोस्टमध्ये सामील व्हायचे, की वेगळे राहून पुढचा विचार करायचा, असा प्रश्न होता. सामील होण्याच्या बाजूने ९३,०९५ मते पडली, विरुद्ध ६७,४९२. परंतु हो आणि क्पांडू या एवे भागांत बहुमत विरुद्ध होते. पारडे फिरविले ते उत्तरेकडील मतांनी. येथे आम्ही क्षणभर थांबलो. उत्तरेकडील दागोंबा लोकांचे जुने राज्यही इंग्रज-जर्मन सीमेने चिरले गेले होते, आणि या सामीलीकरणाने ते पुन्हा सांधले जाणार होते. म्हणजे एकाच मतपेटीने दागोंबांची रेषा पुसली आणि एवे लोकांची रेषा पक्की केली. कोणास दुष्ट म्हणावे? प्रत्येकाने आपले घर पाहिले होते. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला, २७ एप्रिल १९६० रोजी टोगो.

त्यानंतरची गोष्ट शाळामास्तराच्या जिव्हाळ्याची आहे. घरी दोन्हीकडची मुले एवे बोलतात. वरच्या वर्गात गेली की घानातले मूल इंग्रजीत शिकते आणि टोगोतले फ्रेंचमध्ये. दोन मावसभावंडे भेटली तर शाळेतला धडा एकमेकांस कोणत्या भाषेत वाचून दाखवतील? उत्तर एकच, आजीच्या भाषेत. टोगोने १९७५ मध्ये एवेला राष्ट्रभाषांत स्थान दिले. घानातही ती शाळांतून शिकविली जाते. तथापि भाषेचा खरा सांभाळ घराच्या ओसरीवर होतो, हे सीमेवरील वाचकांस आम्ही काय सांगावे?

गंमत अशी की, एवे लोकांची मूळकथाच एका भिंतीची आहे. त्यांचे पूर्वज नोत्से नावाच्या तटबंद नगरात राहत. तेथील आगोकोली राजा क्रूर निघाला. तेव्हा बायकांनी रोजचे सांडपाणी तटाच्या एकाच जागी ओतण्यास आरंभ केला. माती भिजून मऊ झाल्यावर एका रात्री पुरुषांनी तेथे भगदाड पाडले, आणि सारे लोक उलट पावली चालत बाहेर पडले, म्हणजे पाठलाग करणाऱ्यास पावले आत गेलेली दिसावीत. दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आन्लोगा येथे होग्बेत्सोत्सो नावाचा उत्सव याच प्रस्थानाच्या स्मरणार्थ भरतो. आणि ते नोत्से आज कोठे आहे? रेषेपलीकडे, टोगोत.

या लोकांस पाण्यानेही कमी छळलेले नाही. केटा शहराचा मोठा भाग समुद्राने गिळला. १७८४ साली डेन लोकांनी बांधलेल्या किल्ल्याचा एक भागही लाटांनी नेला. १९६० नंतरच्या दशकात आकोसोंबोच्या धरणामागे प्रचंड व्होल्टा सरोवर साठले, तेव्हा सुमारे ८० हजार माणसे विस्थापित झाली. २०२३ च्या शरदात त्याच धरणातून पाणी सोडावे लागले आणि खालच्या अंगाच्या मेपे आदी गावांतील हजारो लोक पुन्हा बेघर झाले. जुनी खंतही पुरती निवलेली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये काही फुटीर गटांनी प्रांतात रस्ते अडविले होते.

तरीही आमच्या मनात ठसले आहेत ते याच प्रांतातील दोन संगीतकार. घानाच्या राष्ट्रगीताची चाल बांधली फिलिप ग्बेहो यांनी. ते केटाकडील एवे. दुसरे इफ्राइम आमू, जन्म १८९९, गाव पेकी. ते आक्रोपोंग येथील अध्यापक विद्यालयात शिकवीत. आफ्रिकी वस्त्र पांघरून ते चर्चमध्ये प्रवचनास उभे राहत आणि देशी वाद्ये व देशी चाली विद्यार्थ्यांस शिकवीत. धर्माधिकाऱ्यांस हे रुचले नाही, आणि १९३३ साली आमूंना ती नोकरी गमवावी लागली. त्यांनी वस्त्र बदलले नाही. ही भूमी आपलीच आहे, असे सांगणारे त्यांचे गीत मुळात एवे भाषेत रचलेले. पुढे ते ट्वी भाषेत आले आणि आज घानात राष्ट्रगीताच्या खालोखाल मान पावते. ज्या समाजाची एकत्र येण्याची इच्छा अपुरी राहिली, त्याच समाजाने साऱ्या देशास गाणे दिले. रेषा मान्य नसतानाही शेजार मनापासून करता येतो आणि शेजार करताना आपली भाषा सोडावी लागत नाही, हे आमूंच्या चरित्रातून आम्ही शिकलो. तीस वर्षे मुलांस सीमा पाठ करून घेतल्या. हे मात्र कधी सांगितले नव्हते.

पुढच्या तासास आम्ही त्या मुलाला नकाशापाशी बोलाविले आणि अर्धवट राहिलेले उत्तर पुरे केले. नोत्से गाव नकाशावर छापलेले नव्हते. आम्ही पेन्सिलीने टिंब दिले. त्याने टिंबावर बोट ठेवले, मग रेषेवर, मग हलकेच म्हणाला, “म्हणजे सर, त्यांचे आजोळ पलीकडे राहिले.”

आम्ही “हो” म्हटले, आणि वर्ग पुन्हा हसला. तो मुलगा तेवढा हसला नाही. त्याचे बोट अजून त्या टिंबावरच होते.