भाडेकरूचे मांजर

वाचकहो, मृग नक्षत्र लागले की आपल्या पिंपळगाव राजात दोन चौकश्या बरोबरच सुरू होतात. एक सोयाबीन-कपाशीच्या बियाण्याची आणि दुसरी भाड्याच्या खोलीची. बदलीवर आलेल्या शिक्षिका, परिचारिका, बँकेतले कारकून ओसरीवर येऊन बसतात. भाडे ठरते, पाण्याचे आणि विजेचे ठरते. मग उठता उठता हळूच प्रश्न येतो, "काका, आमच्याकडे एक मांजर आहे, चालेल ना?" इथे घरमालक गप्प होतो.

माझ्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मी भाड्याने देतो. विस्तार अधिकाऱ्याच्या नोकरीत बदल्या होत गेल्याने भाडेकरू म्हणूनही पुष्कळ घरे पाहिली. दोन्ही बाजूंनी पाहून मला वाटते ते असे की, सरसकट 'नाही' म्हणणे सोपे खरे, पण ते सुरक्षित नाही.

एका गावी आमच्या शेजारच्या खोलीत एक कुटुंब राहत असे. मालकीणबाईंची सक्त ताकीद होती, कुठलेही जनावर चालायचे नाही. भाडेकरूच्या मुलाने कुत्र्याचे पिल्लू न्हाणीत लपवून वाढवले. लपवलेले, म्हणून दवाखान्यात नेले नाही आणि लसही टोचली नाही. एके दिवशी ते मालकीणबाईंच्या नातवाच्या पोटरीला चावले. खोली जाईल या धास्तीने दोन दिवस घरात कुणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी नातवानेच आजीला सांगितले आणि धावाधाव झाली. इंजेक्शने मिळाली, पोर सुखरूप राहिले. पण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही, हे तुम्हीही जाणता. त्या बंदीने पिल्लू काही घराबाहेर राहिले नव्हते. बाहेर राहिली ती खरी गोष्ट.

याचा अर्थ प्रत्येकाने 'हो' म्हणावे असा नाही. कुणाच्या घरी दम्याचा रोगी असतो, कुणाच्या अंगणात कोंबडीची पिल्ले असतात. कुणाकडे सोवळे-ओवळे, कुणाकडे नमाजाची जागा; तिथे मांजर खपते, कुत्रे खपत नाही. घर तुमचे आहे, नकाराचा हक्क तुमचा आहे. फक्त 'जनावर' या एका शब्दावर निर्णय करू नका. कोणते आहे ते विचारा.

मांजर असेल तर माझा कल होकाराकडे असतो. खोलीच्या मागे धान्याची कोठी असली की उंदीर आलेच, आणि मांजराच्या वावराने ते बिचकून राहतात. पण मादी असेल तर नसबंदीची अट घालावी. ती सुमारे दोन महिन्यांत विते आणि पिल्ले खोलीपुरती राहत नाहीत. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची घाण तिने काढू नये.

कुत्रे असेल तर लसीचा कागद आधी पाहावा. पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास, मग डॉक्टर सांगतील तशी पुढची आणि दरवर्षी एक. चावलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-मिरची लावत बसू नये.

ससा दिसायला गरीब, पण लाकूड आणि वायर कुरतडतो. जोडी असेल तर महिन्याभरात नवी पिल्ले! माशांची टाकी सगळ्यात निरुपद्रवी वाटते, पण जुन्या घराच्या लाकडी माडीवर तिचे वजन धरा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल टाकीत 56 लिटर पाणी मावते. म्हणजे 56 किलो, काच आणि वाळू वेगळी.

पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट मात्र कुणाचाच चालू देऊ नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळणे गुन्हा आहे.

हो म्हणायचे ठरले की चार ओळी कागदावर लिहाव्यात. कोणते जनावर, किती, लस कधी झाली, नासधूस झाली तर भरपाई कुणी द्यायची. खोली सोडताना चुना मारून देण्याची अट घाला. थोडी अनामत घ्यावी, पण तिचा धंदा करू नये. आमच्या सौभाग्यवती एक अट तोंडीच घालतात, "बाई, काही झालं तर पहिलं मले सांगजा, मी रागावणार नाही." साऱ्या कागदापेक्षा ही अट मोलाची आहे.

पुढे वाद झालाच, तर वीज-पाणी तोडणे किंवा कुलूप ठोकणे हा मार्ग नव्हे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात शेजाऱ्यांना उपद्रव देणे हे घर खाली करून मागण्याचे एक कारण आहे. पण तो कायदा जिथे लागू आहे तिथेही निकाल कोर्ट देते, आपण नव्हे.

भाडेकरू बंधू-भगिनींनाही एक सांगणे. बदलीचा हुकूम आला की मांजर एसटी स्टँडवर सोडून जाऊ नका. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि ज्या पोराने त्याला आपल्या ताटातला घास दिला, त्याला आपण काय शिकवतो?

घरमालकहो, नाही म्हणायचे तर पहिल्या दिवशी, कारण सांगून म्हणा. माणूस वाईट मानत नाही, दुसरे घर पाहतो. हो म्हणायचे तर मोकळ्या मनाने म्हणा, म्हणजे तुमच्या घरात काय आहे ते तुम्हाला ठाऊक राहील.